आमचं ते सगळ्यांत मोठं

रेल्वेच्या डब्यात शेजारच्या प्रवाशानं "तुमच्या सोलापुरात पाहण्यासारखं काय आहे हो?" असं सहज विचारलं, की सोलापूरचा माणूस सावरून बसतो. आधी चादर येते, मग शेंगाचटणी आणि कडक भाकरी येते, सिद्धेश्वराचं तळं आणि गड्ड्याची जत्रा येते. समोरचा अजून नुसतं हूं हूं करतोय असं दिसलं, की ठेवणीतलं वाक्य बाहेर काढलं जातं : "आमची जुनी मिल म्हणजे एके काळची आशिया खंडातली सगळ्यांत मोठी कापडगिरणी!" हे वाक्य मी स्वतः किती जणांना ऐकवलं असेल, याची गणती नाही. आशियातल्या गिरण्या मी कधी मोजल्या नव्हत्या. ऐकणाऱ्यानंही मोजलेल्या नसत. त्यामुळे दोघांचंही चालून जायचं.

एकदा मात्र चाललं नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी कविसंमेलन होतं. माझ्या आधी कोल्हापूरकडचे एक कवी उभे राहिले आणि कवितेपेक्षा कोल्हापूरवरच जास्त बोलले. तांबडा-पांढरा रस्सा, तालमी, कुस्त्या, रंकाळा. टाळ्या पडल्या. माझी पाळी आल्यावर मला राहवेना. कविता बाजूला ठेवून मी जुन्या मिलचा भोंगा वाजवला. मलाही टाळ्या मिळाल्या. कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत जवळ आले. तरुणपणी त्यांनी त्याच मिलमध्ये काम केलं होतं. म्हणाले, "मिल मोठी व्हती साहेब, खोटं न्हाई. पण आमची खोली दहा बाय दहाची व्हती. आन् माणसं आठ." एवढं बोलून ते चहा घ्यायला गेले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. तेव्हापासून 'सगळ्यांत मोठं' हे शब्द ओठावर आले, की ती खोली आठवते. आजच्या बोलण्याचं मूळ तिथं आहे.

जुनी मिल म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. मुंबईचे उद्योगपती मोरारजी गोकुळदास यांनी ती काढली आणि १८७७च्या सुमारास ती सुरू झाली. तिच्यामागोमाग आणखी गिरण्या आल्या आणि सोलापूर हे गिरणगाव झालं. ही गिरणी खरोखर किती मोठी होती, ते सर्वोच्च न्यायालयाच्या कागदपत्रांवरून कळतं. ऑगस्ट १९४९मध्ये ती बंद पडली. हजारो कामगार घरी बसले. जानेवारी १९५०मध्ये केंद्र सरकारनं केवळ या एका कंपनीसाठी वटहुकूम काढून कारभार आपल्या हाती घेतला, आणि पुढे त्याचाच कायदा झाला. एका भागधारकानं न्यायालयात सवाल केला : देशात इतक्या कंपन्या असताना एकाच कंपनीसाठी कायदा कसा? समानतेचा हक्क कुठं गेला? राज्यघटना लागू होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. डिसेंबर १९५०मध्ये न्यायालयानं बहुमतानं तो कायदा ग्राह्य धरला. पुढे १९५३मध्ये दुसऱ्या एका भागधारकाच्या दाव्यात निकाल सरकारच्या विरोधात गेला. कायद्याचे विद्यार्थी हे दोन्ही निकाल आजही अभ्यासतात. गिरणी मात्र साठच्या दशकात कायमची थंडावली.

आशियात तिचा नंबर कितवा, हे सांगणं अवघड. पण ती बंद पडल्यावर दिल्लीला वटहुकूम काढावा लागला, हे कागदावर आहे. म्हणजे तिचं मोठेपण तिच्यावर पोट असलेल्या माणसांमुळे होतं. आमच्या फुशारकीच्या वाक्यात नेमकी तीच माणसं नसतात.

ही खोड एकट्या सोलापूरची नाही. कोल्हापूरकर 'जगात भारी' असल्याचं स्वतःच जाहीर करून मोकळे होतात. पुणेकरांना जाहीर करण्याचीही गरज वाटत नाही. ते गृहीतच आहे. पुलंनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची जी मापं काढली, ती वाचून तिन्ही गावं हसली आणि तिन्ही गावांनी आपापला अभिमान आणखी घट्ट धरला. आमच्याच जिल्ह्यातल्या बार्शीचं पाहा. तिचा अभिमान उलट दिशेनं जातो. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची चिमुकली गाडी होती. एवढ्याशा रुळांवर जास्त ओझं कसं वाहून न्यायचं, याचा धडा तिनं घालून दिला. जुने बार्शीकर त्या गाडीबद्दल अजून ओलाव्यानं बोलतात. लहान असण्याचाही मोठा अभिमान असतो, तो असा.

दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर विजापूर आहे. आमच्या शाळेची सहल दरवर्षी तिथं जायची. मुहम्मद आदिलशहाचा मृत्यू १६५६ साली झाला. त्याच्या कबरीवर तो प्रचंड गोल घुमट उभा आहे. वाटाडे सांगायचे, "जगात दुसऱ्या नंबरचा!" त्यानंतर जगात कितीतरी मोठे घुमट झाले, पण वाटाड्यांचा नंबर काही बदलला नाही. वरच्या सज्जात गेलं की पोरं आपापलं नाव घेऊन ओरडायची आणि घुमट ते नाव पुन्हा पुन्हा परत करायचा. आम्हाला त्याचं भारी कौतुक. जितका घुमट मोठा, तितका आपलाच आवाज जास्त वेळा ऐकू येतो, हे त्या वयात लक्षात आलं नव्हतं.

मोठेपणाच्या अभिमानाला एक धोका कायम असतो. आपल्याहून मोठं कुणी तरी निघतं. अमेरिकेतलं टेक्सास हे राज्य या बाबतीत जगप्रसिद्ध आहे. आमच्याकडे सगळंच मोठं, हा तिथल्या लोकांचा बाणा. शंभराहून अधिक वर्षं टेक्सास हेच तिथलं सर्वांत मोठं राज्य होतं. मग जानेवारी १९५९मध्ये अलास्काला राज्याचा दर्जा मिळाला. अलास्काचं क्षेत्रफळ टेक्सासच्या दुपटीहून जास्त. अलास्कावाले गमतीनं म्हणतात, फार बोलाल तर आमचे दोन तुकडे करू, म्हणजे तुम्ही तिसऱ्या नंबरवर जाल. टेक्सासची एक इंचही जमीन कमी झाली नव्हती. गेला तो फक्त नंबर. पण ज्यानं सगळा अभिमान नंबरावर बांधला आहे, त्याचं सगळंच जातं.

आता चादरीकडे येतो, कारण तिच्यात गावाचं नाव आणि मालाचं नाव एक झालेलं आहे. माझे अब्बा चादरीच्या कारखान्यात जॅकार्ड मागावर होते. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते आणि त्या भोकांच्या हुकमानुसार धागे वरखाली होऊन मोर उमटतो, फुलं उमटतात. लहानपणी मला ती जादू वाटायची. अब्बांच्या आजूबाजूला तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेली पद्मशाली कुटुंबं होती. मागावर तेलुगू, दारात कन्नड, बाजारात मराठी आणि आमच्या घरात दखनी. या सगळ्यांनी मिळून जी विणली ती सोलापुरी चादर. २००५-०६ या वर्षात तिला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे ठरावीक भागात, ठरावीक पद्धतीनं तयार झालेल्या चादरीलाच ते नाव लावता येतं. तरीही इतरत्र विणलेल्या चादरी 'सोलापुरी' म्हणून विकल्या जातातच. नाव मोठं झालं की नावाची चोरी होते.

कुठल्या कारखान्याची चादर भारी, यावर आमच्या गल्लीत वाद चालत. जो ज्या कारखान्यात कामाला, त्याला तिथलीच चादर अव्वल वाटायची. अब्बा अशा वादात पडत नसत. कुणी फारच आग्रह केला तर म्हणत, "पैले धो, फिर बोल." आधी धुऊन बघ, मग बोल. विद्यापीठाची बी. ए.ची पदवी घेऊनही मालाची याहून चांगली परीक्षा मला सापडलेली नाही.

गावाचा अभिमान जन्माबरोबर येतो, म्हणून त्याला एक वेळ इलाज नाही. पण दुकानातून पैसे मोजून आणलेल्या वस्तूचाही माणूस असाच झेंडा खांद्यावर घेतो. त्यातही कॅमेऱ्याचे शौकीन सर्वांत कडवे. हे मी घरातच पाहिलं.

माझ्या मामूंचा विजापूर वेशीजवळ छोटासा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्याकडे यशिका कंपनीचा दोन भिंगांचा, वरून मान खाली घालून बघायचा कॅमेरा होता. लग्नं, साखरपुडे, शाळेचे ग्रुप फोटो, सगळं त्याच्यावर. त्या काळी जर्मन रोलायफ्लेक्सचा मोठा दबदबा होता आणि यशिकाचा कॅमेरा त्याच धर्तीवरचा, पण स्वस्त. स्टुडिओत एखादा जाणकार येऊन म्हणायचा, "खरा कॅमेरा म्हणजे रोलाय." मामू एरवी शांत माणूस, पण हे ऐकलं की त्यांचा चेहरा बदलायचा. एकदा तर अशा एका गिऱ्हाइकाला त्यांनी पासपोर्टचा फोटो न काढताच वाटेला लावलं. मला शिकवताना मात्र तेच मामू म्हणायचे, "क्यामेरे कू क्या देखता रे, चेहरे कू देख." कॅमेऱ्याकडं काय बघतोस, चेहऱ्याकडं बघ. कॅमेरा महत्त्वाचा नसेल तर त्याच्यावरून गिऱ्हाईक का घालवायचं, हे कोडं मला सुटत नव्हतं. मामू गेल्यानंतर एकदा मुमानी सहज बोलून गेल्या. तो कॅमेरा घ्यायला त्यांनी लग्नातल्या सोन्याच्या बांगड्या मोडल्या होत्या. मामूंनी पुन्हा करून द्यायचं कबूल केलं होतं, ते जमलं नाही. मग मला कळलं. मामू यशिकाची बाजू घेत नव्हते, ते मुमानीच्या बांगड्यांची बाजू घेत होते.

या गोष्टीला शास्त्राचाही आधार आहे. १९५६ साली जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं काही स्त्रियांना घरगुती उपकरणं दाखवली आणि कोणतं किती आवडलं, याचे गुण द्यायला सांगितलं. मग त्यांतल्या दोनांपैकी एक भेट म्हणून निवडायला लावलं आणि नंतर पुन्हा गुण विचारले. निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले होते आणि सोडून दिलेल्या वस्तूचे घटले होते. वस्तू त्याच होत्या. बदल एवढाच की आता एक 'माझी' झाली होती. चांगली म्हणून आपण वस्तू घेतो, हे खरंच. पण घेतली म्हणूनही ती चांगली वाटायला लागते. तिच्यापायी बांगड्या मोडल्या असतील तर विचारायलाच नको.

कॅमेऱ्याच्या बाबतीत आणखी एक व्यावहारिक कारण आहे. कॅमेऱ्याच्या पेटीवर लेन्स बसवायची जी कडी असते, तिला माउंट म्हणतात. प्रत्येक कंपनीचं माउंट वेगळं. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या पेटीवर सहसा बसत नाही. हौशी माणूस एक पेटी घेतो, मग दरवर्षी पैसे साठवून एकेक लेन्स जमवतो. पाच-सहा वर्षांनी त्याच्या कपाटात पेटीच्या कितीतरी पट किमतीच्या लेन्स असतात. आता पक्ष बदलायचा तर सगळं कपाट विकावं लागेल. १९८७मध्ये कॅननं आपलं जुनं माउंट टाकून नवं आणलं, तेव्हा जुन्या लेन्सवाल्यांची पंचाईत झाली होती. निकॉननं १९५९चं माउंट पुढंही चालू ठेवलं, आणि निकॉनवाल्यांना मिरवायला एक कारण मिळालं. २०१८मध्ये दोन्ही कंपन्यांनी आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांसाठी नवी माउंट आणली, आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तेव्हा निष्ठा म्हणून आपण जिचं कौतुक करतो, तिच्यातला बराच भाग अडकलेल्या पैशांचा असतो.

माझे दोन जिवलग मित्र असेच अडकलेले होते. एक हायस्कुलात चित्रकला शिकवायचे, त्यांना आम्ही मास्तर म्हणत असू. दुसरे डॉक्टर. मास्तरांकडे जुना निकॉन, सगळं हातानं जुळवायचा. डॉक्टरांकडे नवा, आपोआप फोकस होणारा कॅनन. दोघांची भेट झाली की पहिला शब्द 'काय बे', आणि दुसऱ्या वाक्याला कॅमेऱ्यावरून भांडण. डॉक्टर मास्तरांच्या निकॉनला खटारा म्हणत. मास्तर म्हणत, कॅननवाल्याला फोकस करता येत नाही म्हणून त्याला यंत्र लागतं. मी मध्ये बसून चहा पीत असे.

या दोन कंपन्यांचा जुना इतिहास कळला, तेव्हा मी दोघांना मुद्दाम घरी बोलावून तो सांगितला. १९३४च्या सुमारास टोकियोतल्या एका छोट्या प्रयोगशाळेनं कॅमेऱ्याचा नमुना बनवला आणि त्याला 'क्वानॉन' असं नाव दिलं. क्वानॉन ही जपानी बौद्धांची करुणेची देवता. मुळात ती आपल्याकडचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेलं जे जगप्रसिद्ध चित्र आहे, ते त्याच्याच पद्मपाणी रूपाचं. त्या क्वानॉनचं पुढं कॅनन झालं. म्हणजे कॅननचं नातं आपल्या अजिंठ्यापर्यंत पोचतं. हे ऐकून डॉक्टरांची छाती फुगली. मग मी पुढचं सांगितलं. १९३६मध्ये कॅननचा पहिला कॅमेरा बाजारात आला, तेव्हा त्या कंपनीकडे स्वतःची लेन्सच नव्हती. लेन्स दिली ती निप्पॉन कोगाकू या कंपनीनं. ही १९१७ साली स्थापन झालेली कंपनी म्हणजेच पुढची निकॉन. निकॉन नावाचा त्यांचा स्वतःचा कॅमेरा आला तो १९४८मध्ये. थोडक्यात, पहिल्या कॅननला डोळा निकॉनचा होता. डॉक्टर गप्प झाले. मास्तर हसायला लागले आणि म्हणाले, "म्हणजे तुझ्या कॅमेऱ्याला दिसतं ते आमच्यामुळं!" वाद मिटावा म्हणून मी गोष्ट सांगितली होती, पण त्यांनी तिच्यातूनही नवा वाद काढला.

असं का होतं, याचं एक उत्तर हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञानं दिलं. ते पोलंडमधल्या ज्यू कुटुंबात जन्मले, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे कैदी होते. माणसं गट करून एकमेकांचा द्वेष का करतात, हा प्रश्न त्यांना पुस्तकातून पडलेला नव्हता. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथल्या १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. मुलांना दोन अनोळखी चित्रकारांची चित्रं दाखवली. मग तुला हा चित्रकार आवडला, तुला तो, असं सांगून दोन गट पाडले. प्रत्यक्षात गट कसेही पाडले होते. आपल्या गटात कोण आहे, हेही मुलांना माहीत नव्हतं. मग प्रत्येकाला इतरांमध्ये थोडे पैसे वाटायला सांगितलं. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. याहून आश्चर्य पुढंच आहे. आपल्या गटाला जास्त पैसे मिळण्यापेक्षा दुसऱ्या गटाहून आपलं अंतर जास्त राहावं, याकडे त्यांचा कल दिसला. आपले दोन पैसे कमी झाले तरी चालतील, पण त्याला आपल्याबरोबरीनं मिळता कामा नये. गाव असो, कॅमेरा असो, सगळ्या फुशारक्यांच्या मुळाशी हा हिशेब सापडतो.

पण हे वाचून माणसाबद्दल फार निराश व्हायला नको. आमच्याच गावात एक चौक आहे, त्याला आम्ही 'चार पुतळा' म्हणतो. १९३०च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला होता. त्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. हेही गावाच्या अभिमानाचंच ठिकाण आहे. पण या चौघांत मोठा कोण, असं सोलापुरात कुणी विचारत नाही. कोण कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, हेही अभिमानाच्या आड येत नाही. अभिमानाला नंबराशिवायही उभं राहता येतं, याचा हा दाखला आम्ही रोज ओलांडून जातो.

आता नान्नज. सोलापूरहून बार्शीच्या रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर हा गवताळ माळ आहे. माळढोक हा तिथला पक्षी. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडू शकणाऱ्या जगातल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांत त्याची गणना होते. डॉ. सलीम अली यांनी राष्ट्रीय पक्षी म्हणून त्याचं नाव सुचवलं होतं. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. १९७९मध्ये माळढोकसाठी सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र किती? जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर. गोव्यासारखी दोन राज्यं त्यात मावून वर जागा उरेल. आम्हाला आणखी एक 'सगळ्यांत मोठं' मिळालं आणि रेल्वेच्या डब्यातल्या यादीत ते जाऊन बसलं.

ते मोठेपण नकाशावरचं होतं. त्या रेषेच्या आत गावं होती, शेतं होती, बाजारपेठा होत्या. वनखात्याच्या ताब्यातली गवताळ कुरणं त्या मानानं अगदी थोडी, तीही विखुरलेली. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधनं आली आणि शेतकऱ्याला मुलीच्या लग्नासाठी एकर विकणं अवघड झालं. ज्या पक्ष्यानं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं, त्याच्यावर लोक चिडले. पुढं हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आलं. दरम्यान पाणी आलं, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. माळढोकची मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या माळावर. अशा पक्ष्याला गर्दी सोसत नाही. २०११मध्ये त्याची नोंद जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत झाली. आज देशभर मिळून ते दीडशेच्या आसपास असावेत, असा अंदाज आहे, आणि बहुतेक राजस्थानात. नान्नजला अलीकडच्या गणनांत एखाद-दुसराच पक्षी दिसतो. २०२४मध्ये राजस्थानातल्या प्रजनन केंद्रात कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मल्याची बातमी वाचून मला फार बरं वाटलं. राजस्थान आपल्या पुढं गेलं, असा विचार त्या वेळी तरी मनात आला नाही.

१९९९च्या पावसाळ्यात मास्तर, डॉक्टर आणि मी नान्नजला गेलो होतो. विणीचा हंगाम होता. पहाटेपासून आम्ही दबा धरून बसलो. डॉक्टरांनी फिल्मचे दोन रोल आणले होते, एक स्वतःला, एक मास्तरांना. दोघंही तेवढा वेळ कुजबुजत भांडत होते. मग दूर गवतातून एक नर बाहेर आला. पांढरी मान ताठ केली, गळ्याची पिशवी फुगवली आणि घुमला. तो आवाज घागरीतून यावा तसा माळभर पसरला. दोघंही एकदम गप्प झाले. फक्त दोन कॅमेऱ्यांचे खटके ऐकू येत होते. आठवड्यानं दोघांनीही एकेक फोटो मला आणून दिला आणि मी ते एकाच पाकिटात ठेवले.

मास्तर चार वर्षांपूर्वी गेले. मध्यंतरी डॉक्टर घरी आले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "मास्तरांनी काढलेला तो माळढोक तुझ्याकडे आहे ना? मला दे." मी पाकीट काढलं. दोन्ही फोटो पोस्टकार्डाएवढे. दोन्हींत हिरवट-पिवळं गवत आणि मधोमध पांढऱ्या मानेचा, नखाएवढा पक्षी. मागं कुणी काही लिहिलेलं नव्हतं. डॉक्टरांनी चष्मा पुसला. खिडकीपाशी जाऊन दोन्ही फोटो उजेडात धरले. बराच वेळ बघितले. आयुष्यभर ज्या फरकावरून ते भांडले, तो त्यांना सापडेना.

"काय बे," ते शेवटी म्हणाले, "यातला त्याचा कुठला?"

मला सांगता आलं नाही. त्यांनी दोन्ही फोटो पुन्हा पाकिटात घातले, पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "राहू दे. एकत्रच राहू दे." मग थोडं थांबून विचारलं, "नान्नजला आता किती आहेत रे?"